गणितमहर्षी भास्कराचार्य आणि आपले पाटण

खानदेशाची ओळख सांगताना प्रथम तापीचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तापीला पाणी पुरविणाऱ्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या नद्या आणि त्या नद्यांनाही मिळणारे लहान-लहान प्रवाह यांच्या काठीच आपल्या प्रदेशाचा खरा इतिहास घडला आहे. चाळीसगाव शहरात तितूर आणि डोंगरी या दोन नद्या एकत्र येतात. त्यांतील डोंगरी नदीच्या उगमाकडे, नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटर गेले, की सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत पाटण हे स्थान लागते. चहूबाजूंनी डोंगरकडे, एका बाजूस नदीचे पात्र, मागे दाट अरण्य, वर कन्हेरगड किल्ला आणि मध्ये श्री चंडिकादेवीचे पुरातन मंदिर. आपण सर्वजण यास पाटणादेवी या नावाने ओळखतो. नवरात्रात येथे भाविकांची रीघ लागते, तर श्रावणात केदारकुंडाचा धबधबा पाहावयास तरुण मंडळी येतात.

आज तेथे अरण्य असले तरी आठशे वर्षांपूर्वी ते भरभराटीचे नगर होते. पाटण म्हणजे नगर, हा अर्थ नावातच आहे. घाटमाथ्यावरील देवगिरी-पैठणचा मुलूख आणि घाटाखालील खानदेश यांना जोडणाऱ्या वाटा याच डोंगररांगेतून उतरतात. आज मोटारी औट्रम घाटाने म्हणजे कन्नडच्या घाटाने जातात. पूर्वी बैलांचे तांडे अशाच खिंडींतून माल उतरवीत. जेथे घाट संपतो आणि पाणी मिळते तेथे पेठ वसते, हे कोणत्याही व्यापाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. पाटण हे तसे गाव होते आणि याच गावाशी भारताच्या थोर गणितज्ञांपैकी एक, श्री भास्कराचार्य, यांचे नाव निगडित आहे.

या लेखास कारण झालेली एक लहानशी घटना प्रथम सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी कापड खरेदीनिमित्त मी इचलकरंजीस गेलो होतो. जेवणाच्या वेळी गप्पांच्या ओघात मी अभिमानाने म्हणालो, की भास्कराचार्यांचा जन्म आमच्या जळगाव जिल्ह्यातला. समोर विजापूरकडील एक वयोवृद्ध व्यापारी बसले होते. ते शांतपणे म्हणाले, की शेठजी, भास्कराचार्य तर आमच्या विजापूरचे. आम्ही दोघांनीही हे शाळेत ऐकलेले, दोघांनीही काही वाचलेले नव्हते. घरी परतल्यावर मात्र मनाला रुखरुख लागली. ज्याचा हिशेब दाखविता येत नाही ती रक्कम जमेस धरू नये, असे आमचे वडील सांगत. मग दुकानाच्या कामातून सवड काढून जे मिळेल ते वाचीत गेलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

भास्कराचार्यांविषयी सर्वांत विश्वसनीय माहिती त्यांनी स्वतःच दिलेली आहे. आपल्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ या ग्रंथाच्या गोलाध्यायाच्या अखेरीस ते सांगतात, की त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला आणि वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी हा ग्रंथ रचला. म्हणजे ग्रंथाचा काळ ११५० येतो. गोत्र शांडिल्य, पित्याचे नाव महेश्वर. हे महेश्वर स्वतः मोठे ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. गावाचे नाव मात्र त्यांनी विज्जडविड असे दिले असून ते सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले असल्याचे म्हटले आहे.

सगळा वाद या एका नावाचा आहे. विज्जडविड किंवा विज्जलविड म्हणजे विजापूर, असे काही विद्वान मानतात. कोणी बीडचे नाव घेतात. कोणी म्हणतात, की सह्याद्रीची शाखा आणि पाटण यांचा मेळ बसतो, तेव्हा हे गाव पाटणच्या परिसरातच असावे. माझ्यासारख्या सामान्य वाचकाने यात निवाडा देणे धाडसाचे होईल. इतके मात्र स्पष्ट आहे, की त्यांचा जन्म पाटणलाच झाला असे छातीठोकपणे सांगण्यास लेखी आधार नाही. विजापूरच्या त्या गृहस्थांपाशीही नव्हता, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. ते उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. त्यासही भक्कम पुरावा दिसत नाही.

मग पाटणपाशी काय आहे? पाटणपाशी एक शिळा आहे आणि माझ्या मते ती जन्मस्थानाच्या मानापेक्षा अधिक मोलाची आहे.

मुंबईचे सुप्रसिद्ध डॉक्टर आणि पुराणवस्तूंचे अभ्यासक डॉ. भाऊ दाजी लाड यांना पाटणच्या भवानीमंदिरात एक शिलालेख आढळला आणि १८६५ साली त्यांनी तो विद्वानांपुढे आणला. पुढे जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले. हा लेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने स्थापन केलेल्या मठाविषयी आहे. (हे चांगदेव म्हणजे तापी-पूर्णेच्या संगमावरील योगी चांगदेव नव्हेत. नामसाम्यामुळे आपल्याकडे अनेकांची गल्लत होते, माझीही झाली होती.) मठ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गोसाव्यांचा मठ येतो. हा मठ विद्येचा होता. भास्कराचार्यांचे ग्रंथ आणि त्यांच्या कुळातील इतर पंडितांचे ग्रंथ येथे शिकविले जावेत, हा त्याच्या स्थापनेचा उद्देश लेखात नमूद आहे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर एका गणितज्ञाच्या नावाने चालणारी ती अध्यापनसंस्था होती.

या लेखात घराण्याची वंशावळ दिली आहे. त्रिविक्रम, त्यांचे पुत्र भास्करभट्ट, ज्यांना भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली, नंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि महेश्वरांचे पुत्र आपले भास्कराचार्य. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर. त्यांचे सर्व शास्त्रांतील नैपुण्य पाहून यादव राजा जैत्रपाल याने त्यांना याच नगरातून आपल्या दरबारी नेले आणि पंडितांचे अग्रणी केले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले. राजाने पुत्राला या नगरातून नेले, हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. जन्मगाव कोणतेही असो, हे कुटुंब पाटणला राहत होते, एवढे त्यावरून निश्चित होते.

याला दुजोरा देणारी दुसरी शिळाही आपल्याच तालुक्यात आहे. गिरणेच्या काठी बहाळ हे प्राचीन गाव आहे. १९५० च्या दशकात तेथे पुरातत्त्व खात्याचे उत्खनन झाल्याने अभ्यासकांना ते परिचित आहे. बहाळच्या देवीमंदिरात शके ११४४ म्हणजे १२२२ सालचा शिलालेख आहे. ते मंदिर बांधणारे अनंतदेव हे भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचे नातू आणि तेही सिंघण राजाचे ज्योतिषी. म्हणजे डोंगरीच्या काठी एका नातवाचा मठ आणि गिरणेच्या काठी दुसऱ्या नातवाचे मंदिर. एका कुळाची दोन शाखांतील विद्या आपल्या दोन नद्यांच्या काठी नांदत होती.

पाटणच्या शिलालेखाकडे पुन्हा वळतो, कारण त्याचा खरा रस मला त्याच्या शेवटच्या भागात वाटला. आरंभीचा भाग संस्कृत श्लोकांत आहे. पण दानाचा तपशील देण्याची वेळ आली तेव्हा लिहिणाऱ्याने संस्कृत सोडून लोकांची भाषा घेतली. त्यामुळे मराठीच्या जुन्या शिलालेखांत याची गणना होते. त्यात देणे या क्रियापदाचे जे रूप आले आहे ते आपल्या अहिराणीतील ‘दिन्हं’ या शब्दाच्या इतके जवळचे आहे, की खेड्यातील म्हातारीलाही ते कळावे. हे भाषांतर कशासाठी, तर ज्यांच्याकडून पैसा यावयाचा ते पेठेतील लोक संस्कृत जाणणारे नव्हते. करारनामा समजेल अशा भाषेत हवा, हे तेव्हाही कळत होते.

दान देणारे होते निकुंभ घराण्यातील सोइदेव आणि त्यांचे बंधू हेमाडिदेव. हे घराणे यादवांचे मांडलिक असून सोळाशे गावांच्या खानदेशावर त्यांचा अंमल होता. १२०७ साली श्रावणातील पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वावर हे दान दिले गेले. ज्योतिषाच्या शाळेस ग्रहणाच्या दिवशी देणगी, हा योग मोठा उचित म्हणावयाचा. आता दान कशाचे? पाटणच्या पेठेत जो माल विक्रीस उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजास जो कर येई तो मठाला दिला. ही राजाची बाजू झाली. परंतु लेख तेथे थांबत नाही. नगराने आपला वाटा वेगळा जोडला. गिऱ्हाइकाकडून दामाचा विसावा भाग, गिऱ्हाइकाकडूनच पाच सुपाऱ्या, आणि गावात जितके तेलघाणे चालतील तितक्यांकडून पळी-पळी तेल.

हा तपशील प्रथम वाचला तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. पाच सुपाऱ्या आणि पळीभर तेल! राजाने एकदाच सुवर्णमुद्रांची थैली दिली असती तर ती चार वर्षांत संपली असती. येथे व्यवहार चालेल तोवर दान चालेल अशी सोय केली होती. रात्री पोथी वाचावयास दिव्यात तेल हवे आणि ते तेली देईल. सुपारी विकून चार दाम होतील आणि ते व्यापारी देईल. आमच्या बाजारपेठांतून धर्मादाय म्हणून हुंडीमागे, गाठीमागे, पोत्यामागे काही पैसे बाजूस काढण्याची प्रथा होती आणि त्यावर पांजरापोळ, पाणपोई, पाठशाळा चालत. माझ्या वडिलांच्या खतावणीत धर्मादायाचे स्वतंत्र खाते असे. ही रीत किती जुनी आहे याचा एक लेखी पुरावा आपल्याच तालुक्यात दगडावर कोरून ठेवला आहे, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळले. शाळेच्या सहलीत आम्हाला पाटणादेवीस नेले होते. दर्शन झाले, भाकरी-ठेचा झाला, धबधबा पाहिला आणि परत आलो. शिलालेखाविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

ज्या ग्रंथांसाठी पाटणच्या पेठेने तेल आणि सुपाऱ्या दिल्या त्यांत काय होते, हेही पाहिले पाहिजे. ‘सिद्धान्तशिरोमणि’चे चार भाग आहेत. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. वयाच्या ६९व्या वर्षी, ११८३ साली, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगाच्या गणिताचा सुटसुटीत ग्रंथ लिहिला. यांतील ग्रहगणित आणि गोलाध्याय माझ्या आवाक्याबाहेरचे आहेत, हे मोकळेपणाने सांगतो. बीजगणितातील एक गोष्ट मात्र समजून घेतली. एका संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या कोणती? प्रश्न दोन ओळींचा. उत्तरातील लहान संख्याच २२,६१,५३,९८० इतकी मोठी आहे. भास्कराचार्यांनी चक्रवाल नावाच्या रीतीने ती काढून दाखविली. फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञाने हाच ६१ चा प्रश्न युरोपातील विद्वानांना १६५७ साली घातला, तेव्हा भास्कराचार्यांच्या ग्रंथास पाचशेहून अधिक वर्षे झाली होती. शून्याने भागले असता येणाऱ्या राशीस त्यांनी खहर म्हटले आणि तिच्यात काहीही मिळविले वा वजा केले तरी ती बदलत नाही असे सांगितले.

गोलाध्यायात पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते असा उल्लेख आहे. त्यावरून न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध आपणच लावला, असे व्याख्यानांतून ऐकावयास मिळते. ओढ असल्याचे सांगणे आणि ती किती, कोणत्या नियमाने, याचे गणित मांडणे यांत अंतर आहे. भास्कराचार्यांचे मोठेपण त्यांनी जे खरोखर केले त्यातच इतके आहे, की उसने घेण्याची गरज नाही.

लीलावती मात्र आमच्या धंद्याचे पुस्तक आहे. आरंभी नाण्यांची परिमाणे दिली आहेत. २० वराटक म्हणजे कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म आणि १६ द्रम्मांचा १ निष्क. चार आणि सोळा हे आकडे पाहताच मला वडिलांची आठवण झाली. चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया या हिशेबात त्यांची उमेद गेली. १९५७ साली नवे पैसे आले तरी तोंडी हिशेब ते आण्यांतच करीत. पुढे बेरीज-वजाबाकीपासून त्रैराशिक, पंचराशिक, सप्तराशिक, व्याज, सोन्याचा कस, धान्याच्या राशीचे माप, अदलाबदलीचा व्यवहार, असा क्रम आहे. एका द्रम्मास ३०० आंबे आणि एका पणास ३० डाळिंबे मिळत असतील तर १० आंब्यांच्या बदली किती डाळिंबे? उत्तर १६. व्याजाच्या उदाहरणात दर महिन्यास शेकडा पाच धरला आहे आणि १६ मुद्दलावर वर्षाचे व्याज ९ पूर्णांक ३ पंचमांश येते. वर्षाला शेकडा साठ! बी. कॉम. च्या अभ्यासात बँकांचे दर शिकलेल्या मला हा आकडा पाहून घाम फुटला.

आणि सप्तराशिकात चक्क कापडाचे उदाहरण आले. ३ हात रुंद व ८ हात लांब अशी रंगीबेरंगी उंची रेशमी वस्त्रे आठ नगांस १०० निष्क पडतात, तर त्याच प्रतीचे साडेतीन हात लांब आणि अर्धा हात रुंद असे एक वस्त्र कितीस पडेल? विशेष म्हणजे हा प्रश्न भास्कराचार्यांनी व्यापाऱ्यालाच उद्देशून घातला आहे आणि व्यापार कळत असेल तर लवकर सांग, अशी त्याला कोपरखळीही मारली आहे. मी गादीवर बसून तो सोडविला. आठ नगांचे क्षेत्र १९२ चौरस हात, लहान तुकड्याचे पावणेदोन. म्हणजे एका निष्काचे १७५ छेद १९२. त्याची नाणी करता १४ द्रम्म, ९ पण, १ काकिणी आणि ६ पूर्णांक २ तृतीयांश कवड्या. कॅल्क्युलेटर न घेता कागदावर मला अर्धा तास लागला. वडील असते तर पावकी-निमकीच्या जोरावर त्यांनी चहा येईपर्यंत उत्तर दिले असते. कापडाचा भाव केवळ लांबीवर नव्हे तर पन्ह्यावरही ठरतो, हे नव्या नोकराला शिकविताना आजही हेच उदाहरण मी देतो.

लीलावती ही त्यांची कन्या होती आणि घटिकापात्रात तिच्या अलंकारातील मोती पडून छिद्र बुजल्याने तिचा विवाहमुहूर्त टळला, ही हृदयद्रावक कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ही कथा अकबराच्या दरबारातील फैजी यांनी १५८७ साली केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरातून पसरली. ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी! पाटणच्या शिलालेखात पुत्र आणि नातू आहेत, कन्येचा उल्लेख नाही. ग्रंथातही प्रश्न कधी बालेस, कधी सखीस, कधी मित्रास तर कधी वर सांगितल्याप्रमाणे व्यापाऱ्यास विचारलेले आहेत. कथा गोड आहे, मुलांना सांगावी, परंतु कथा म्हणून सांगावी.

जैन वाचकांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. भास्कराचार्यांच्या सुमारे तीनशे वर्षे आधी, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात, श्री महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. व्याज, मिश्रण, क्रमपर्याय आणि निवड यांचे गणित त्यात विस्ताराने आहे. भास्कराचार्य आपल्या बीजगणितात ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांचे ऋण मान्य करतात. महावीराचार्यांचे नाव ते घेत नाहीत, म्हणून त्यांनी तेथून घेतले असा दावा मी करणार नाही. दक्खनच्या भूमीत गणिताची परंपरा आधीपासून दृढ होती आणि तीत जैन आचार्यांचा वाटा मोठा होता, एवढे निःसंशय. पुढे लीलावतीच्या हस्तलिखित प्रती जपण्याचे काम अनेक जैन ग्रंथभांडारांनी केले, हीही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

पाटणच्या भूमीवर जैन धर्माची खूण तर डोळ्यांनी पाहता येते. कन्हेरगडाच्या कड्यात नागार्जुन कोठडी या नावाने ओळखले जाणारे जैन लेणे असून त्यात तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. जवळच सीतान्हाणी आणि शृंगारचावडी ही लेणी आहेत. डोंगराच्या वरच्या अंगाला, कन्नड तालुक्याच्या हद्दीत, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. ती त्याहून कितीतरी जुनी, इसवी सनापूर्वीची. तेथील एका लेखात पैठणच्या गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी कुळातील एका गृहस्थाने दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे पाटणच्या तेल्यांनी पळीभर तेल देण्याच्या बाराशेहून अधिक वर्षे आधीपासून या डोंगरात व्यापाऱ्यांचा पैसा दगडाला लागत होता. बौद्ध, जैन, शैव, शाक्त ही सर्व स्थाने एका दिवसाच्या चालीत आहेत.

देवीमंदिराच्या अलीकडे जे महादेवाचे मंदिर आहे तेही चुकवू नये. त्यात शके १०७५ म्हणजे ११५३ च्या सुमाराचा निकुंभांचा शिलालेख असून इंद्रराजाने आरंभिलेले हे मंदिर पुढे गोवन राजाच्या काळी पूर्ण झाले. ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. आपण या मंदिरास सर्रास हेमाडपंती म्हणतो, परंतु हेमाद्रीपंडित हे त्यानंतर शंभरएक वर्षांनी झाले. शब्द रूढ आहे म्हणून वापरतो इतकेच.

१२९६ साली अलाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली, पुढे १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले. राजाश्रय गेला, पेठ उठली, अरण्याने नगर गिळले. चांगदेवाच्या मठाची इमारत आज दाखविता येत नाही. पोथ्या मात्र गावोगावी पोहोचल्या होत्या. फैजींच्या फारसी लीलावतीनंतर १८१६ मध्ये टेलर आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी तिची इंग्रजी भाषांतरे केली. भारताने १९७९ आणि १९८१ साली सोडलेल्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव दिले गेले. २०१४ साली त्यांच्या जन्माची नऊशे वर्षे पूर्ण झाली.

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन पाटणला गेलो. त्याला शिलालेख दाखविला. अक्षरे झिजलेली, त्याला काही वाचता आले नाही, मलाही नाही. मी त्याला पाच सुपाऱ्यांची गोष्ट सांगितली. त्याने विचारले, की आजोबा, कापडाच्या दुकानावर किती होता? लेखात घाण्यांचा वेगळा उल्लेख आहे, कापडाचा नाही. बाकीच्या मालाबरोबर आमचाही विसावा भाग गेला असेल, असे मी त्यास सांगितले.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी पावसाळा संपताच जावे. चाळीसगावाहून सकाळी लवकर निघावे, प्रथम महादेवाचे मंदिर पाहावे, नंतर देवीचे दर्शन आणि शिलालेख. नागार्जुन कोठडीची चढण उन्हे चढण्यापूर्वी करावी. हे अभयारण्य आहे, तेव्हा सोबत वाटाड्या घ्यावा, पाणी पुरेसे न्यावे आणि सूर्यास्तापूर्वी खाली उतरावे. परतताना वेळ असल्यास दुसऱ्या दिवशी गिरणाकाठच्या बहाळलाही जावे.